अक्षर माझं, मजकूर लोकांचा

आमच्या फाटकात काय होतं कुणास ठाऊक, पण बंगळूरच्या चामराजपेटेतून बाजारात जाणारा प्रत्येक सायकलवाला आपली सायकल त्यालाच टेकवून जात असे. शेजारी भीमाचार्यांचं फाटक अधिक मजबूत होतं, सावलीतही होतं. पण भीमाचार्य निवृत्त हेडमास्तर. ते ओसरीवर बसून रस्त्याकडे असे बघत की रस्त्यानंसुद्धा पाय जुळवून उभं राहावं. तिथे सायकल टेकवायची छाती कोणाची? माझ्या चेहऱ्यात ती जरब नाही. माझा चेहरा बघून लोक वेळ विचारतात, पत्ता विचारतात आणि सायकल टेकवतात.

एके दिवशी कचेरीला निघालो तर फाटक उघडेना. बाहेर सायकलींचा असा गुंता की कोणाचं हँडल कोणाच्या चाकात हेच कळत नव्हतं. बस चुकायची वेळ आलेली. तसाच आत धावलो, बुटांच्या खोक्याचं झाकण फाडलं, समोर दिसलं ते पेन उचललं आणि उभ्याउभ्या इंग्रजीत लिहिलं, ‘प्लीज! नॉट ऑन माय गेट!’ ते फाटकाला अडकवलं आणि सायकलींवरून उडी मारून पळालो. उडीत पँट कुठे उसवली तो विषय वेगळा आहे आणि तो मी इथे काढणार नाही.

पेनाविषयी मात्र सांगायला हवं. माझा मेहुणा हयवदन घड्याळाच्या कारखान्यातर्फे जपानला शिकायला जाऊन आला होता. येताना त्यानं बहिणीसाठी छत्री आणली आणि माझ्यासाठी हे पेन. अंगठ्याएवढं जाड, निबेच्या जागी नमद्याचा तुकडा, वास रॉकेलचा, आणि शाई अशी की बोटाला लागली तर कातडीबरोबरच जाणार. ‘याला मार्कर म्हणतात,’ हयवदन म्हणाला. त्यानं काय मार्क करायचं ते त्यालाही ठाऊक नव्हतं. मी कचेरीत साहेबांच्या हुकमावरून फायलींच्या खोक्यांवर ‘अर्जंट’, ‘व्हेरी अर्जंट’ असं लिहून पाहिलं होतं, तेवढंच.

संध्याकाळी परत आलो तर फाटकाला सकाळच्यापेक्षा जास्त सायकली. लोक पाटी वाचायला थांबत होते, आणि वाचायला थांबलेला माणूस सायकल कुठेतरी टेकवणारच. त्या घोळक्यात मागच्या गल्लीतल्या छापखान्याचे मालक व्यंकटेशअण्णा उभे होते. चष्मा कपाळावर, नाक पाटीला टेकलेलं.

“त्रिविक्रमराव, हे कोणी लिहिलं?”

“मीच. घाईत लिहिलं हो अण्णा. जरा वाकडंतिकडं—”

“वाकडं? अय्यो, बोलतंय ते! स्वल्प थांबा.” त्यांनी मला दंडाला धरून पाटीसमोर उभं केलं, जसं काही ती मी पहिल्यांदाच पाहत होतो. “हा ‘एन’ बघा, कसा घाईत चाललाय. हा ‘जी’ बघा, लग्नातल्या यजमानासारखा पोट पुढे काढून. आणि हा ‘वाय’, याचा पाय तर झाकणाबाहेर गेलाय! आणि माझे छापखान्यातले अक्षरांचे खिळे? एकजात पोलीस परेड!”

मग त्यांनी कोटाच्या खिशातून एक चुरगळलेलं विलायती मासिक काढलं. त्यातल्या साबणाच्या आणि बिस्किटांच्या जाहिराती कोणीतरी आत्ताच येऊन हातानं लिहून गेल्यासारख्या दिसत होत्या.

“असे खिळे मला हवेत. परदेशातून मागवायचे तर परवाना लागतो. अर्ज केला. त्यांनी विचारलं, सरळ अक्षरं देशात मुबलक तयार होत असताना वाकडी अक्षरं आयात करण्याची राष्ट्रीय निकड काय?”

“मग तुम्ही काय लिहिलंत?”

“काय लिहिणार? गप्प बसलो. पण आता देवानं तुमची पाटी दाखवली. तुम्ही ‘ए’ ते ‘झेड’ लिहून द्या, आकडे द्या, चार-दोन उद्गारचिन्हं द्या. मी जस्ताचे ब्लॉक करून घेतो. आणि हे बघा, परदेशात अक्षरांच्या जातींना माणसांची नावं देतात. आपण या जातीला नाव देऊ, ‘त्रिविक्रम’.”

शेवटचं वाक्य त्यांनी बोलायला नको होतं. मी कालवे खात्यात कारकून. बंगळूरात कालवा नाही, पण कालव्यांची कचेरी आहे, चांगली तीन मजली. तिथे माझं नाव हजेरीपटाखेरीज कुठेही लिहिलं जात नव्हतं. अक्षरांच्या जातीला माझं नाव! मी हो म्हणालो. घरात शिरेपर्यंत माझी चालसुद्धा बदलली होती असं अहल्या, म्हणजे माझी बायको, अजून म्हणते.

अडचण दुसऱ्या दिवशी कळली. घाईत लिहिलेलं अक्षर निवांत बसून लिहिता येत नाही. मी अंघोळ करून, पाट मांडून, समोर पांढरेशुभ्र कागद ठेवून बसलो आणि ‘ए’ लिहिला. तो शिडीसारखा दिसत होता. दुसरा लिहिला, तो अधिक भक्कम शिडीसारखा. मी मनाला बजावलं, ‘सहज लिही, त्रिविक्रमा, सहज!’ आणि सहज लिहिण्याच्या श्रमानं मला घाम फुटला.

ही बातमी गल्लीत पसरल्यावर सल्ले सुरू झाले. कोणी म्हणालं डाव्या हातानं लिहा, कोणी म्हणालं डोळे मिटून. भीमाचार्य स्वतः उठून आमच्याकडे आले. त्यांनी उभा जन्म मुलांना इंग्रजी शिकवलं होतं आणि वळणदार अक्षर हा त्यांचा धर्म होता.

“त्रिविक्रमा, दुरेघी कागद घे. पाठ ताठ ठेव. अंगठा आणि तर्जनी यांत लेखणी—”

“पण आचार्य, त्यांना गबाळं अक्षर हवंय.”

“गबाळं?” भीमाचार्य खाली बसले. “छापायला? मुद्दाम?”

“मुद्दाम.”

“मग मी इतकी वर्षं छड्या कशासाठी मारल्या?” एवढंच म्हणून ते बराच वेळ आमच्या भिंतीकडे बघत राहिले. मला त्यांची फार दया आली. पण दया येण्याऐवजी मी त्यांना उठवायला हवं होतं, कारण ते ज्या पाटावर बसले होते त्याच पाटावर कागद ठेवून मी मघाशी ‘बी’ गिरवला होता. जपानी शाई कागदातून आरपार उतरली होती. आचार्य त्या दिवशी मठात जेवायला जायचे म्हणून स्वच्छ पांढरं धोतर नेसून आले होते. ते तसेच मठात गेले, पंक्तीतून दोनदा फिरले, आणि मागच्या बाजूला ठसठशीत ‘बी’ उमटलेला आहे हे त्यांना सोडून सगळ्यांना कळलं.

संध्याकाळी ते फाटकाशी उभे राहिले. आत आले नाहीत.

“त्रिविक्रमा, धोतराचं मला काही नाही,” ते म्हणाले. “पण तो उलटा होता रे! उलटा ‘बी’! माझे जुने विद्यार्थी होते तिथे!”

त्या दिवसापासून त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं. व्यंकटेशअण्णा मात्र रोज येत, शिड्यांचा ढीग बघत आणि मान हलवत. “जीव नाही यात. फाटकावर जीव होता. तेव्हा तुम्ही काय करत होतात?”

“बस चुकवत होतो.”

“मग रोज चुकवा!”

सुटका अहल्येनं केली. अर्थात सुटका करण्याचा तिचा हेतू नव्हता. ती भांडायला आली होती. पाटावर डाग, फरशीवर डाग, उशीच्या अभ्र्यावर ‘क्यू’. हे पेन तिच्या भावानं आणलं म्हणून मी काहीतरी बोललो, आणि ती सुरू झाली. माझ्या भावानं पेन तरी आणलं, तुमच्या भावानं तुमकूरहून कधी चार केळी आणली का? मी तिला उत्तर देत होतो, हातात मार्कर होता, समोर कागद होते, आणि रागाच्या भरात हात चालतच होता. मध्येच खाली पाहिलं तर ‘ए’ पुढे झुकून निघालेला, ‘बी’ची ढेरी सुटलेली, ‘ई’ बोटं नाचवत असलेला. फाटकावरचाच जीव! मी धडाधड लिहीत सुटलो. तुमकूरच्या भावावर ‘जी’पर्यंत मजल गेली, माझ्या आईनं लग्नात काढलेल्या खुसपटांवर ‘एन’ झाला. पण ‘एस’वर येऊन अहल्येचा आवाज खाली आला.

“जाऊ दे,” ती म्हणाली. “बोलून काय उपयोग.”

“थांबू नकोस!” मी ओरडलो. ती बघत राहिली. अजून सात अक्षरं आणि सगळे आकडे बाकी होते. मी इकडेतिकडे पाहिलं, आणि मनावर दगड ठेवून म्हणालो, “तुझ्या हातचा बिसीबेळे भात मला पहिल्यापासून आवडत नाही.”

आकडे, उद्गारचिन्हं आणि प्रश्नचिन्ह धरून सगळं काम त्या एका वाक्यात झालं. मात्र नंतर बरेच दिवस मला तो भात मिळाला नाही, आणि मी ते खोटं बोललो होतो हे तिला पटवणं फार जड गेलं.

ब्लॉक तयार झाले आणि ‘त्रिविक्रम’ गावात उतरला. पहिल्यांदा, अर्थात इंग्रजीत, चिकपेटेतल्या एका कापडवाल्याच्या दारावर दिसला. ‘सेल! या तर खरे!’ मी अहल्येला मुद्दाम त्या रस्त्यानं फिरायला नेलं आणि तिचं लक्ष जाईपर्यंत त्या दारासमोर खोकत उभा राहिलो. मग एका हॉटेलात ‘कॉफी गरम आहे!’, शिंप्याकडे ‘उद्या नक्की!’ लोक थांबून वाचत आणि हसत. आपल्यालाच कोणीतरी हाक मारतंय असं त्यांना वाटे. महिनाभर मी चामराजपेट ते चिकपेट असा तरंगतच फिरत होतो. नातेवाइकांत माझा भाव वाढला. ‘काल तुमचं अक्षर पाहिलं हं बसस्टॉपवर’ असं लोक म्हणत, आणि मी ‘असेल, असेल’ असं म्हणून चष्मा पुसत असे.

मग एके दिवशी अहल्येची मावशी मल्लेश्वरमहून तातडीनं आली. आल्या आल्या तिनं मला बाजूला घेतलं.

“जावईबापू, लाजू नका. घरचीच आहे मी. फार त्रास होतो का?”

“कसला?”

मावशीनं दाराकडे पाहिलं आणि आवाज अगदी बारीक केला. “मुळव्याधीचा.”

मल्लेश्वरमच्या झाडाझाडावर म्हणे माझ्या अक्षरात मोठी भित्तिपत्रकं लागली होती. ‘मी बरा झालो! तुम्हीही व्हा!’ खाली कुणा वैद्याचा पत्ता. माझं अक्षर ओळखणाऱ्या सगळ्यांची समजूत झाली की मीच जातीनं हिंडून ते लिहिलंय, आणि तेही आनंदाच्या भरात. त्या आठवड्यात तीन सोयऱ्यांनी मला मऊ गादी देऊ केली. मी व्यंकटेशअण्णांकडे गेलो, तर ते म्हणाले, “सरी, तुमचं बरोबर, पण गिऱ्हाईकाला नाही कसं म्हणू? मजकूर त्याचा, अक्षर तेवढं तुमचं.”

हे वाक्य मी तेव्हा नीट ऐकायला हवं होतं.

आमच्या कचेरीचे साहेब कृष्णमूर्ती. माणूस सज्जन, पण त्यांना खिडकीची भीती. खिडकी उघडली की वारा येतो, वारा आला की कागद उडतो, कागद उडाला की कालवा बुडतो, अशी त्यांची विचारसरणी. म्हणून तिन्ही मजल्यांच्या खिडक्यांना त्यांनी खिळे ठोकून घेतले होते. त्या साली उन्हाळा कडक पडला. कारकून आत उकडून निघत होते. कर्मचारी संघाचा चिटणीस बसवंत दर आठवड्याला अर्ज देई आणि साहेब दर आठवड्याला त्यावर वजन ठेवत, उडू नये म्हणून.

एका सोमवारी कचेरीत शिरलो तर जिन्यापासून साहेबांच्या दारापर्यंत भिंतीवर एकच मजकूर. ‘खिडक्या उघडा, साहेब! आम्ही लोणचं नाही!’ इंग्रजीत, मोठ्या अक्षरांत. ‘जी’ यजमानासारखा पोट पुढे काढून, ‘वाय’चा पाय बाहेर.

तेवढ्यात मागून जयघोष झाला. बसवंतानं मला मिठी मारली. “शाबास, त्रिविक्रमराव! आम्ही नुसता मजकूर छापायला दिला होता, पण तुम्ही तर रात्रभर बसून हातानं लिहिलंत!”

“मी नाही लिहिलं!” मी म्हणालो.

“असंच म्हणायचं,” बसवंत डोळा मारून म्हणाला. “शेवटपर्यंत असंच म्हणायचं.”

जितकं मी नाकारत होतो तितकं माझं धैर्य त्यांच्या नजरेत वाढत होतं. दुपारपर्यंत कोणीतरी माझ्या टेबलावर झेंडूची माळ ठेवून गेलं. आणि माळेपाठोपाठ साहेबांचा शिपाई मेमो घेऊन आला. सरकारी नोकरानं वरिष्ठाची लोणच्याच्या संदर्भात बदनामी केल्याबद्दल निलंबित का करू नये, याचं उत्तर दुसऱ्या दिवशी समक्ष द्यावं.

मी तडक छापखान्यात गेलो. दाराला कुलूप. त्यावर एक छापील पाटी: ‘गावाला गेलोय! लवकरच येतो!’ तीही माझ्याच अक्षरात. मी माझ्याच अक्षराकडे बघत गल्लीत उभा राहिलो, आणि आयुष्यात पहिल्यांदा मला ते अत्यंत उद्धट वाटलं.

घरी येऊन अहल्येला सगळं सांगितलं. नोकरी गेली तर भाडं, शाळा, आईचं औषध, सगळं डोळ्यांपुढे नाचत होतं. तिनं एकही शब्द ऐकवला नाही. एरवी एवढं बोलणारी बाई गप्प राहिली, तेव्हा प्रकरण गंभीर आहे हे मला पटलं. तिनं पुढ्यात बिसीबेळे भात वाढला. तो मला जाईना.

दुसऱ्या दिवशी साहेबांपुढे उभा राहिलो. खिडक्या बंद. साहेबांच्या कपाळावरून घाम टेबलावर पडत होता. एका बाजूला ते भित्तिपत्रक, दुसऱ्या बाजूला माझं ‘व्हेरी अर्जंट’ लिहिलेलं खोकं.

“हे अक्षर तुमचं?”

“माझं, सर.”

“आणि हे?”

“तेही माझंच. पण ते मी लिहिलेलं नाही.”

“मिस्टर त्रिविक्रम, अक्षर तुमचं आहे आणि तुम्ही लिहिलेलं नाही. मग काय मी लिहिलंय?”

मी खिळे, जस्त, जपान, परवाना असं काहीबाही सांगत सुटलो. मुळव्याधीपर्यंत आलो तेव्हा त्यांनी हात वर केला. मग उठून दार लावलं. खुर्चीत बसले, खालच्या खणाचं कुलूप काढलं आणि एक घडी घातलेला गुलाबी कागद माझ्यापुढे ठेवला. त्यांचा आवाज बदलला होता. तो साहेबाचा आवाज नव्हता.

“लोणच्याचं मी सोडून देईन. हे काय आहे?”

मी वाचलं. ‘शुक्रवारी संध्याकाळी जरूर या! तुमच्या गोड आवाजावाचून करमत नाही!’ खाली सही नाही. अक्षर माझं.

“माझ्या पत्नीच्या पिशवीत सापडलं,” साहेब म्हणाले. “सत्यवतीच्या.”

मी टेबल धरलं. सत्यवतीबाईंना मी जन्मात पाहिलेलं नव्हतं. पण माझंच अक्षर माझ्याकडे बघून निर्लज्जपणे हसत होतं. “सर, मी... मला कोणाच्याही आवाजावाचून करमतं, सर,” एवढंच तोंडातून गेलं.

“मी तिला काही विचारलं नाही,” साहेब खाली बघत म्हणाले. “आठवडा झाला, घरात बोलत नाही. जेवतो आणि उठतो.”

मला माझ्या नोकरीची भीती वाटत होती, पण त्या क्षणी त्यांचंही फार वाईट वाटलं. बंद खोलीत दोन घामाघूम माणसं, मध्ये गुलाबी कागद. आणि बाहेर कुणीतरी शिपायाशी हुज्जत घालत होतं. तो आवाज मी झोपेतही ओळखला असता.

दार उघडलं आणि अहल्या आत आली. तिच्या काखेत जपानी छत्री, आणि मागे डोक्यावर लाकडी खोकं घेतलेले व्यंकटेशअण्णा. त्यांचा चेहरा मारुतीच्या देवळात चप्पल हरवलेल्या माणसासारखा.

“गावाला गेलेत म्हणे!” अहल्या मला म्हणाली. “कुलूप पुढच्या दाराला. मागच्या दारातून फोडणीचा वास येत होता. छत्रीनं दार वाजवलं. रिक्षात घालून आणलं.” मग साहेबांकडे वळून तिनं कानडीत नमस्कार केला. “साहेब, आमचे हे फार भित्रे आहेत. खिडकीला टेकायलाही भितात. ते पत्रकं कसली लावतात? अण्णा, दाखवा.”

“साहेब, माझं नाव मध्ये नको—” अण्णा पुटपुटले.

“दाखवा म्हणते ना!”

अण्णांनी खोकं टेबलावर ठेवलं. आत माझी अक्षरं, उलटी, ओळीनं उभी. साहेब नकळत पुढे वाकले. अण्णांचे हात मात्र भीत नव्हते. त्यांनी भराभर ब्लॉक वेचून जुळवले, रुळानं शाई फिरवली, वर कागद दाबला आणि उचलला. कागदावर साहेबांचं नाव होतं: ‘कृष्णमूर्ती!’ ‘के’ हात पसरून उभा, दोन्ही ‘आर’ अगदी जुळ्या भावांसारखे एकसारखे पाय टाकत चाललेले, शेवटी उद्गारचिन्ह.

साहेबांनी तो कागद हातात घेतला. पत्रकाशी धरून पाहिला. “म्हणजे हे कोणीही, काहीही...”

“कोणीही, काहीही, साहेब,” अहल्या म्हणाली. मग तिची नजर गुलाबी कागदावर गेली. “अगंबाई! हा इथे कसा? हा माझाच.”

“तुझा?” मी आणि साहेब एकदम म्हणालो. साहेबांनी मराठीत म्हटलं नसेल, पण अर्थ तोच होता.

“आमच्या भजनी मंडळाचा. माझा गळा बसल्यापासून बायका येईनाशा झाल्या, म्हणून मी मजकूर लिहिला आणि अण्णांकडून छापून घेतला. मंडळातल्या सगळ्यांना वाटला. सत्यवतीअक्का माझ्या शेजारीच बसतात. काय आवाज आहे त्यांचा! पण गेल्या शुक्रवारी आल्या आणि गाताना रडल्याच. म्हणाल्या, घरी यांना माझं गाणं आवडत नाहीसं दिसतं, बोलतच नाहीत.”

साहेब उभे राहिले. परत बसले. रुमाल काढला आणि चेहरा पुसता पुसता तो बराच वेळ चेहऱ्यावरच ठेवला. मी भिंतीकडे बघत राहिलो. मला एकदम सपाटून भूक लागली.

“इथे फार उकडतंय,” साहेब रुमालाआडून म्हणाले. “शिपाई! पक्कड आण. ही खिडकी उघड.”

खिडकी उघडली. वारा आला, आणि टेबलावरचे बसवंताचे सगळे जुने अर्ज उडून व्हरांड्यात गेले. बाहेर कारकुनांनी जो आरडाओरडा केला तो मी आयुष्यात विसरणार नाही. बसवंतानं मला खांद्यावर घ्यायचा प्रयत्न केला. मी टेबलाचा पाय धरून ठेवला.

साहेबांनी प्रकरण निकालात काढलं. फायलीवर शेरा मारला: ‘सदर अक्षर कर्मचाऱ्याचे असून मजकूर त्याचा नाही. सबब कर्मचाऱ्यास दोषमुक्त करण्यात येत आहे. अक्षरास सक्त ताकीद देण्यात यावी.’ आम्ही निघालो तेव्हा त्यांनी अण्णांना हळूच थांबवलं आणि तो नावाचा कागद पुढे केला. “घराच्या दारावर लावायला मिळेल का असं? आणि खाली तिचंही नाव. उद्गारचिन्ह दोघांनाही.”

त्या दिवशी घरी येऊन मी तीन वेळा भात घेतला. अहल्या वाढत राहिली.

व्यंकटेशअण्णांनाही धसका बसला होता. हुबळीच्या एका छापखानेवाल्यानं सगळे ब्लॉक मागितले आणि अण्णांनी आनंदानं देऊन टाकले. मी स्वतः त्यांच्याबरोबर स्टेशनच्या मालधक्क्यावर गेलो. ‘त्रिविक्रम’ गोणपाटात शिवून, दोरीनं आवळून समोर पडला होता. यापुढे हुबळीकरांना काय उकडेल, काय दुखेल आणि कोणावाचून करमणार नाही, ते त्यांचं ते बघून घेतील. मला भीमाचार्यांसाठी नवीन धोतर घ्यायचं होतं, आणि त्यांच्या ओसरीवर जाऊन मुकाट्यानं बसायचं होतं.

“पत्ता लिहा गोणीवर,” माल घेणारा बाबू म्हणाला. “ठळक लिहा.” आणि त्यानं शाईचा डबा आणि कुंचला माझ्याच पुढे केला. माझा चेहराच तसा.

मी दोन्ही हात खिशात घातले.

“अण्णा, तुम्ही लिहा.”

अण्णांनी लिहिलं. आयुष्यभर दुसऱ्यांची अक्षरं जुळवणाऱ्या त्या माणसाचं स्वतःचं अक्षर मी प्रथमच पाहत होतो. ‘हुबळी’ हे गाव आहे की आजार हे कळत नव्हतं. ओघळ, गाठी, मध्येच एक अक्षर दुसऱ्याच्या अंगावर पडलेलं. हे कोणी कधी मागायला येणार नाही, छापणार नाही, कोणाच्या पिशवीत सापडणार नाही. मी त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत उभा राहिलो. इतकं सुरक्षित अक्षर मी दुसरं पाहिलेलं नाही.